पदवीनंतर पुढे काय झालं? नागपुरातल्या पदवीधरांच्या नोकरी-समाधानाच्या मोजमापाची पार्श्वभूमी

ऑगस्ट १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. सचिवालय इथेच, न्यायालयंही इथेच, बी.ए., एलएल.बी. झालेल्याला कारकुनी, मास्तरकी किंवा वकिली हे रस्ते समोर दिसत.

१ नोव्हेंबर १९५६ ला राजधानीपद गेलं. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात सरकारी नोकरभरती विभागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी असं कलम होतं. घटनेच्या ३७१(२) मध्येही विदर्भासाठी तंत्रशिक्षणाच्या सोयी आणि राज्य सेवेत पुरेशी संधी यांचा उल्लेख आला. त्यामुळे पदवीधराच्या रोजगाराचा प्रश्न इथे बराच काळ ‘आपल्या वाट्याच्या जागा भरल्या का’ असाच विचारला गेला. मागणी रास्तच होती, पण खासगी नोकरीत गेलेल्यांचं काय झालं, हे त्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं.

दुसरं मोजमाप एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं, म्हणजे बेकारांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं. तिथूनच माणूस घ्या असं मात्र म्हटलं नाही. नोंदवहीत नोकरी लागलेल्यांची नावं राहत, नूतनीकरण चुकवलेल्या बेकारांची गळून पडत. आकडा दोन्ही बाजूंनी बिघडलेला.

२०१७ पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात व्याख्या काटेकोर आहेत: चालू साप्ताहिक स्थितीत सात दिवसांत एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. जो काम करत नाही, शोधत नाही आणि कामासाठी उपलब्धही नाही तो श्रमबलाबाहेर. अभ्यासिकेत बसून तीन-चार वर्षं एमपीएससीची तयारी करणारा, घरच्यांनी दिलेल्या उत्तरानुसार, कधी बेकार ठरतो, कधी नुसता विद्यार्थी. नागपुरात ही गफलत किरकोळ नव्हे.

प्लेसमेंटची टक्केवारी महत्त्वाची झाली ती महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांमुळे आणि केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीमुळे, २०१६ च्या पहिल्या यादीनंतर. एनआयआरएफमध्ये वेळेत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि पगाराचा मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) मागतात. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. शंभरातल्या वीस जणांनाच नोकऱ्या लागल्या, पण बऱ्या पगाराच्या, तर तो छान दिसतो. माहितीपत्रकांत आणखी गमती: छेद ‘नोंदणी केलेले’ विद्यार्थी, अंशात ऑफर लेटरं, एकाला दोन मिळाली तर दोन. रुजू किती झाले आणि वर्षभर टिकले किती, हे विचारल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही.

समाधानाचं मोजमाप सर्वांत मागे राहिलं. नॅकची विद्यार्थी समाधान पाहणी शिकत असलेल्यांची, नोकरी करणाऱ्यांची नव्हे. माजी विद्यार्थ्यांना गुगल फॉर्म पाठवला की भरतात ते बहुधा बरं चाललेले. पुण्या-हैदराबादला गेलेल्यांचे नंबर बदललेले. म्हणून पदवीच्या वेळीच पालकांचा नंबरही घ्यावा, सहा महिने, दोन वर्षं आणि पाच वर्षांनी फोन करावा आणि उत्तर न देणाऱ्यांची संख्याही छापावी. ‘समाधानी आहात का?’ या एका प्रश्नाला ‘हो’ म्हणून माणूस मोकळा होतो. पगार, कामाचा पदवीशी संबंध, नोकरीची शाश्वती आणि घरापासूनचं अंतर यांचे प्रश्न वेगळे हवेत. नागपूरच्याच मिहान या उद्योगक्षेत्रात कमी पगारावर, पण घरी राहून काम करणारा आणि पुण्याजवळच्या हिंजवडीत दुप्पट पगारावर भाड्याने राहणारा यांची उत्तरं एका सरासरीत घातली, तर दोघांचंही खरं कळत नाही.