बेचक्यातला जोड

चार सिलिंडरांच्या इंजिनातून चार नळ्या निघतात, वळणं घेत खाली येतात आणि एका तोंडात एकत्र होतात. या जुळणीला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणतात. दोन नळ्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे झाडाच्या दोन फांद्यांमध्ये असतं तसं बेचकं तयार होतं. वरून ते रुंद दिसतं, पण आत जाता जाता इतकं निमुळतं होतं की करंगळीही तळाला लागत नाही. आणि जोड हवा असतो नेमका त्या तळाशी.

तिथे कसातरी जोड चालत नाही. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. मॅनिफोल्डसाठी सर्रास वापरलं जाणारं ३०४ जातीचं स्टेनलेस स्टील तापलं की चांगलंच वाढतं. अर्ध्या मीटरची नळी ८०० अंशांनी तापली तर साधारण ७ मिलिमीटरने लांबते. तिचं एक टोक बोल्टांनी इंजिनाला जखडलेलं असतं, आणि ते इंजिन तर थंड ठेवलेलं असतं. वाढायला जागा नाही म्हणून नळी वाकते, ढकलते, आणि निवताना पुन्हा ओढते. गाडी जितक्या वेळा सुरू-बंद होईल तितक्या वेळा ही ओढाताण बेचक्यावर येऊन आदळते. तिथे केसाएवढी चीर पडली तरी पुरे. धुराचा झोत पुढे सरकला की त्याच्यामागे क्षणभर दाब कमी होतो आणि चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, इंजिनाला इंधन कमी पडतंय. मग संगणक नको असलेलं इंधन सोडत राहतो.

अशा ठिकाणी टिग वेल्डिंग वापरतात. टंगस्टनचं टोकदार कांडं आणि जोडायचा धातू यांच्यामध्ये विजेची आर्क पेटवायची, त्या उष्णतेने दोन्ही कडा वितळवून एक करायच्या, आणि हे सगळं एका निष्क्रिय वायूच्या पांघरुणाखाली करायचं, अशी ही पद्धत. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, कुठल्याही धातूपेक्षा उशिरा, म्हणून ते स्वतः जोडात मिसळत नाही. भर घालायची असेल तर दुसऱ्या हातातली फिलर रॉड वेगळी बुडवायची. ही पद्धत रुळली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. नॉर्थ्रॉप या विमान कंपनीतल्या रसेल मेरेडिथ यांनी हवेत चटकन पेट घेणारं मॅग्नेशियम जोडण्यासाठी हीलियमचं पांघरूण वापरलं, आणि १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आज हीलियमच्या जागी बहुतेक ठिकाणी आरगॉन असतो. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी शोधलेल्या या वायूच्या नावाचा ग्रीक अर्थ ‘आळशी’. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का असतो, आणि हवेपेक्षा साधारण १.४ पट जड असतो. हा जडपणा पुढे बेचक्यात कामी येणार आहे.

अडचणीच्या जागेतलं वेल्डिंग म्हणजे हाताचं कसब, असं सहसा मानलं जातं. कसब लागतंच. पण माझ्या मते खरा पेच वायूचा आहे. तापलेल्या धातूला आणि टंगस्टनच्या टोकाला हवेतला ऑक्सिजन लागता कामा नये. टंगस्टन जिच्यात बसवतात त्या हातातल्या मुठीला टॉर्च म्हणतात. तिच्या पुढच्या टोकाला सिरॅमिकचा कप असतो, त्यातून आरगॉन बाहेर पडतो, आणि टंगस्टन त्या कपाच्या थोडं पुढे डोकावतं. आता हा कप बेचक्यात शिरत नाही. तो नळ्यांच्या खांद्यांवरच अडतो. मग तळ गाठायचा तर टंगस्टन आणखी बाहेर काढावं लागतं, आणि जितकं ते बाहेर येतं तितकं वायूचं पांघरूण विरळ होत जातं. सगळी लढाई त्या काही मिलिमीटरांची आहे.

साध्या कपाबाबत वेल्डरांचा एक ठोकताळा आहे : टंगस्टन कपाच्या आतल्या व्यासाहून जास्त बाहेर काढू नये. आठ नंबरच्या कपाचा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या जरा वर, तेव्हा मर्यादाही तेवढीच. हा ठोकताळा का आहे ते नळाच्या धारेवरून समजतं. नळ थोडासा उघडला तर पाण्याची धार काचेच्या कांडीसारखी स्वच्छ, स्थिर पडते. पूर्ण उघडला की ती खळखळते, पांढरी होते, आणि आजूबाजूची हवा स्वतःत ओढून घेते. आरगॉनचंही असंच होतं, फक्त ते दिसत नाही.

थोडा हिशेब करून बघू. आठ नंबरच्या कपातून मिनिटाला १० लीटर आरगॉन सोडला तर तो सेकंदाला साधारण १.३ मीटर वेगाने बाहेर पडतो. म्हणजे माणूस नेहमीसारखा चालतो त्या चालीने. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची रेघ सोडून प्रवाह शांत कधी असतो आणि खवळतो कधी, हे दाखवलं होतं. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आकडा नळीत साधारण दोन हजारांच्या वर गेला की प्रवाहाची शिस्त मोडू लागते. आपल्या १० लीटरच्या आरगॉनसाठी तो बाराशेच्या आसपास येतो. वायू दुप्पट केला की आकडाही दुप्पट, म्हणजे धोक्याच्या रेषेपलीकडे. कपातून सुटून मोकळ्यावर आलेला झोत तर त्याच्याही आधी विस्कटू शकतो. जोड काळा पडतोय म्हणून वायू वाढवायचा, त्याने तो आणखी काळा पडायचा, आणि मग आणखी वाढवायचा, हे चक्र कित्येकजण अनुभवतात. त्याचं मूळ या साध्या गुणाकारात आहे.

यावरचा उपाय मला फार देखणा वाटतो. साध्या टॉर्चमध्ये आरगॉन कपात शिरतो तो मोजक्या बारीक छिद्रांतून. छिद्रं अरुंद, त्यामुळे तिथे वेग प्रचंड आणि वायू कपात येतानाच घुसळलेला. गॅस लेन्स नावाच्या सुट्या भागात त्या छिद्रांपुढे स्टेनलेसच्या अगदी बारीक जाळ्यांचे थर बसवलेले असतात. घुसळलेला वायू त्या शेकडो भोकांतून गाळून निघतो, भोवरे मोडतात आणि पूर्ण रुंदीभर एकसारखा, समांतर झोत बाहेर येतो. मग वारा नसलेल्या जागी टंगस्टन २५ मिलिमीटरच्या आसपास बाहेर काढलं तरी टोक झाकलेलं राहतं. एका छोट्याशा चाळणीने अर्धं बेचकं सर होतं.

उरलेल्या कामात बेचकं स्वतःच मदत करतं, हे कळलं तेव्हा मला गंमत वाटली होती. बाहेरच्या कडेवर वेल्ड करताना आरगॉन दोन्ही बाजूंनी ओघळून जातो. आतल्या कोपऱ्यात मात्र भिंती त्याला धरून ठेवतात, आणि बेचकं वर उघडं असेल तर जड वायू वाटीत साचावा तसा साचतो. मोकळ्या बाजूला अॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीचा छोटा बांध घातला तर आणखी चांगलं. अट एकच, झोत सौम्य हवा. जोरात मारलेला वायू भिंतींवर आपटून उलटा येतो आणि येताना हवा घेऊन येतो.

दुसरा पेच आर्कचा. तिला जवळचा, सोपा रस्ता लागतो. उघड्या जागेत तो सरळ खाली असतो, पण निमुळत्या खाचेत टंगस्टनच्या टोकापासून तळ जितका लांब त्याहून एखादी भिंत जवळ असते. आर्क त्या भिंतीवर जाऊन बसते. एक नळी वितळते, दुसरी गारच राहते, आणि त्यात रॉड बुडवली की वितळलेला धातू गार नळीवर नुसता टेकून राहतो. वरून जोड भरलेला, चकचकीत दिसतो, आणि आत दोन नळ्या एक झालेल्याच नसतात. माझ्या दृष्टीने बेचक्यातला सगळ्यात घातक दोष हाच, कारण तो बघून कळत नाही. म्हणून टंगस्टन बारीक घ्यावं, २.४ ऐवजी १.६ मिलिमीटरचं, त्याला लांब, अणकुचीदार टोक काढावं, आणि ते तळाच्या दीड-दोन मिलिमीटर इतकं जवळ न्यावं. दोन्ही कडांवर एकदम वितळलेलं डबकं दिसेपर्यंत रॉड लावू नये. रॉड शिरतच नसेल तर जोडाच्या खोबणीत तिचा तुकडा आधीच बसवून ठेवतात आणि त्यावरून आर्क फिरवतात.

हत्यारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लहान डोक्याची टॉर्च, मागे आखूड टोपी, वाकणारी मान, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. काहीजण टंगस्टनच वाकवून घेतात. थंड असताना ते काडकन मोडतं, लालबुंद तापवलं की वळतं. आडवं पडून काम करताना पायातलं पेडल निरुपयोगी ठरतं, तेव्हा विद्युतप्रवाह कमी-जास्त करायची कळ टॉर्चवर, बोटाखाली असलेली बरी.

डोळ्याचं मात्र वेगळं आहे. जिथे टॉर्च पोचते पण नजर पोचत नाही तिथे आरसा ठेवून वेल्ड करतात. वीजकेंद्रांतल्या बॉयलरच्या दाटीवाटीच्या नळ्यांवर ही रीत मुरलेली आहे. आरशात रॉड जवळ येताना दिसते तेव्हा हात प्रत्यक्षात दूर जात असतो, आणि मेंदू हे सहजासहजी मानत नाही. आर्क न पेटवता तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून हाताला वळण लावावं लागतं. आरसा अतिनील किरणही परतवतो, तेव्हा मास्कमध्ये कसूर नको.

आता नळीच्या आतली बाजू. बाहेरून पांघरूण घातलं तरी वितळलेल्या धातूची पाठ नळीच्या पोकळीतल्या हवेला उघडी असते. तिथे क्रोमियम ऑक्सिजनशी जुळतं आणि करपलेल्या साखरेसारखी काळी, खडबडीत खपली धरते. जोड तिथे कमकुवत होतो. शिवाय पुढे टर्बोचार्जर असेल तर सुटलेली खपली मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या चाकावर जाऊन आदळते. म्हणून नळ्यांची तोंडं पट्टीने बंद करून आतही आरगॉन भरतात. तो जड, म्हणून खालून सोडायचा आणि हवा वरच्या छोट्या छिद्रातून जाऊ द्यायची. छिद्र ठेवायला विसरलं तर आतला दाब वितळलेल्या डबक्यालाच बाहेर फुंकतो.

हे पांघरूण कितपत जमलं ते रंग सांगतो. स्टेनलेस हवेत तापलं की त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे त्यात रंग उमटतात. पापुद्रा जितका जाड तितका रंग पुढचा : २९० अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, ५४० च्या सुमारास निळा. जोडावर रुपेरी किंवा वाळल्या गवतासारखी पिवळसर छटा असली तर आरगॉनने काम केलं. मळकट राखाडी दिसला तर समजायचं की धातू गरम असतानाच पांघरूण सरकलं. आर्क विझल्यावरही दर १० अँपिअरला एक सेकंद या मानाने वायू चालू ठेवून टॉर्च तिथेच धरायची असते. घाईने हात काढला की शेवटचा टाका आणि टंगस्टनचं टोक दोन्ही करपतात.

एक गोष्ट जिवाची आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. जुना मॅनिफोल्ड दुरुस्तीला घेताना तो ब्रेक क्लीनरने पुसायचा मोह होतो. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतात. आर्कच्या उष्णतेने आणि अतिनील किरणांनी त्यांच्यापासून फॉस्जीन तयार होऊ शकतो, म्हणजे पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. फुप्फुसांवर त्याचा परिणाम काही तासांनी दिसतो, तोवर माणूस निर्धास्त असतो. सफाईला ॲसिटोन वापरावं, आणि तेही पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क पेटवू नये. बंदिस्त जागेत आरगॉनही साचतो आणि ऑक्सिजनला बाजूला सारतो. त्याला वास नाही, रंग नाही. तेव्हा हवा खेळती हवी, पण वाऱ्याचा झोत थेट जोडावर नको.

इतकं सगळं सांगितल्यावर माझं मत असं की उत्तम कारागिराला बेचक्यात फारसं शिरावंच लागत नाही. तो चारही नळ्या नुसत्या टाके घालून, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते जोड देऊन, जागेवर बसवतो, माप जुळल्याची खात्री करतो आणि टाके तोडून जुळणी पुन्हा मोकळी करतो. मग ज्या जोडांवर पुढे दुसरी नळी आडवी येणार ते आधी पुरे करतो. जिथे चारही नळ्या मधोमध भेटतात तो चौक तर सगळ्यात आधी, कारण नंतर तिथे काहीच पोचत नाही. स्टेनलेस उष्णता सावकाश वाहतं, साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, आणि वाढतं मात्र त्याहून जास्त. त्यामुळे एकाच जागी रेटून वेल्ड केलं की नळी खेचली जाते आणि पुढची जागेवर बसत नाही. म्हणून थोडं इथे, थोडं तिथे, फ्लँज (इंजिनाला बोल्टांनी बसणारी सपाट पट्टी) जाड पाटाला बोल्टने आवळून, असं काम चालतं.

शेवटी सगळी तोंडं बंद करून आत हलक्या दाबाची हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा बहुधा उठतो तो जिथे टॉर्च तिरकी धरावी लागली होती तिथे. मग तो जोड खरवडून काढायचा आणि पुन्हा भरायचा, पण आता चारही नळ्या जागेवर असतात.