नोंदी विकत घ्याव्यात, पण कच्च्या

उद्याचे हवामान सांगण्याआधी संगणकातल्या मॉडेलला आत्ताच्या हवेची स्थिती द्यावी लागते. महासागरांवर आणि ध्रुवांकडे हवामान मोजणारे फुगे सोडायला फारसे कोणी नसते. ही उणीव भरून काढणाऱ्या पद्धतींत ‘रेडिओ ऑकल्टेशन’ वरच्या क्रमांकावर आहे. अमेरिकेत या पद्धतीच्या नोंदी आता खासगी कंपन्यांकडूनही विकत घेतल्या जातात.

जीपीएस उपग्रह क्षितिजाआड जात असताना त्याचा संकेत हवेच्या थरांतून तिरका येतो आणि वाकतो. जमिनीलगत हा वाक साधारण एक अंशाचा, 50 किमी उंचीवर मात्र अगदी नगण्य. वाकल्यामुळे संकेताला उशीर होतो. खालच्या कक्षेतला दुसरा छोटा उपग्रह तो उशीर मोजतो आणि एक-दोन मिनिटांत हवेचा उभा छेद, म्हणजे उंचीनुसार तिची स्थिती, मिळते. त्यातून तापमान आणि बाष्प काढता येते. 1575.42 आणि 1227.60 मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारता वापरल्याने आयनांबराचा, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित थराचा, परिणाम वजा होतो. मूळ मोजमाप वेळेचे असल्याने उपकरण जुने झाले म्हणून मापे सरकत नाहीत. म्हणूनच इतर उपग्रहांच्या मापांतली एकाच बाजूला झुकणारी चूक दुरुस्त करायला याच नोंदींचा आधार घेतात.

1995 मध्ये ‘मायक्रोलॅब-1’ उपग्रहाने पद्धत चालते हे दाखवले. तैवान आणि अमेरिकेचे सहा ‘कॉस्मिक’ उपग्रह 2006 मध्ये गेले आणि त्यानंतरच तिला रोजच्या अंदाजात पक्की जागा मिळाली. 2019 चा ‘कॉस्मिक-2’ संच विषुववृत्ताशी फक्त 24 अंशांचा कोन करून फिरतो, त्यामुळे त्याच्या नोंदी उष्ण कटिबंधात एकवटतात. ध्रुवांवरून जाणारा जोडसंच 2017 मध्ये रद्द झाला आणि ती मोकळी जागा बाजाराने भरली.

‘नोआ’ या अमेरिकी सरकारी संस्थेने 2016 मध्ये ‘जिओऑप्टिक्स’ आणि ‘स्पायर’ या कंपन्यांशी चाचणी करार केले. पहिल्या फेरीची रक्कम दहा लाख डॉलरच्या आसपास. 2018 च्या दुसऱ्या फेरीत ‘प्लॅनेटआयक्यू’ही आली. रोजच्या वापरासाठीची पहिली खरेदी 2020 च्या अखेरीस झाली. चार वर्षे म्हणजे सरकारी दिरंगाई, असे वाटेल. पण त्यातला बराच काळ तपासणीचा होता, आणि तो वाचवण्यासारखा नव्हता.

या करारातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट अशी, की कंपनी तयार तापमान विकत नाही, उपग्रहावरच्या कच्च्या नोंदी देते. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या ‘युकार’ या वातावरण-संशोधन संस्थेत सगळ्या कंपन्यांच्या नोंदींवर एकाच पद्धतीने प्रक्रिया होते. मग प्रत्येक छेद मॉडेलच्या आधीच्या अंदाजाशी आणि फुग्यांच्या नोंदींशी ताडून पाहतात. शेवटी तेच मॉडेल काही आठवडे ते महिने दोनदा चालवतात, एकदा नव्या नोंदी घेऊन आणि एकदा त्या वगळून. अंदाज सुधारला तरच नोंदींना आत प्रवेश.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. उपग्रहाच्या वेगाचा हिशेब सेकंदाला मिलिमीटरच्या अंशाने जरी चुकला, तरी वरच्या थरांतले तापमान बिघडते, कारण तिथे वाकच मुळात अतिसूक्ष्म असतो. छोट्या उपग्रहाचा अँटेना लहान, म्हणून संकेत क्षीण. उष्ण कटिबंधातल्या दमट हवेत तो शेवटच्या दोनेक किलोमीटरमध्ये हरवतो किंवा अपवर्तन (हवेमुळे होणारे वाकणे) खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. मॉन्सूनचे बाष्प नेमके त्याच थरात असते. नोंद उशिरा आली तर तीही वाया जाते, कारण मॉडेल दर सहा तासांनी नव्याने सुरू होते आणि ते कोणासाठी थांबत नाही.

2020 च्या वसंतात कोरोनामुळे विमाने जमिनीवर बसली आणि विमानांकडून येणाऱ्या हवामान-नोंदी एकाएकी आटल्या. ‘स्पायर’ने तेव्हा काही महिने फुकट नोंदी दिल्या आणि युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने त्या मे महिन्यात रोजच्या कामात घेतल्याही. इतक्या लवकर हे जमले, कारण प्रक्रिया आणि तपासणीची यंत्रणा सरकारी उपग्रहांच्या काळातच उभी राहिली होती.

खरी अडचण परवान्याची आहे. हवामानाच्या मूलभूत नोंदी देशोदेशी विनामूल्य द्याव्यात, असे जागतिक हवामान संघटनेचे धोरण 1995 पासून आहे. कंपनीला मात्र तीच नोंद अनेक देशांना विकायची असते. सर्वांना वाटण्याचा हक्क हवा तर किंमत चढते. तो न घेतल्यास ज्या देशाकडे पैसे नाहीत, त्याचे मॉडेल त्या नोंदींशिवाय चालते. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाची शिफारस रोज किमान 20,000 छेदांची आहे. तेवढे छेद विकत घेता येतीलही, पण ते सगळ्या जगासाठी घ्यायचे तर बिल कोणी भरायचे, यावर अजून घासाघीस चालू आहे.