हाडांची गोळी आणि जबड्याची भीती

खानापूर-निपाणीकडच्या घरांत वर्षानुवर्षं एक निरोप फिरतोय: ‘हाडं ठिसूळ झाल्यावर देतात ती आठवड्याची गोळी जबडा सडवते, अन्ननलिका जाळते. ती सोडा, नाचणीची आंबील घ्या.’

ही भीती अगदीच निराधार नाही. जबड्याचं हाड उघडं पडतं हे खरं, पण बहुतेकदा कॅन्सरच्या रुग्णांना देतात त्या मोठ्या डोसांत. ठिसूळपणाच्या डोसात फार क्वचित. दात काढायचा असेल तर गोळी सुरू करण्याआधीच काढून घ्यावा.

जळजळ मात्र पुष्कळदा घेण्याच्या पद्धतीमुळे होते. ॲलेंड्रोनेटची (म्हणजे हीच आठवड्याची) ७० मिलिग्रॅमची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही नाही. पाकिटातल्या माहितीपत्रकात हेच असतं. आजींनी नातवंडांकडून जरूर वाचून घ्यावं.

नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ती खावीच. पण डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही.

गोळी सोसतच नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड आहे, सहामाही डेनोसुमॅब इंजेक्शन आहे. डेनोसुमॅब मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका, मणके मोडू शकतात. थांबवताना डॉक्टर दुसरं औषध लावून देतात.