‘बाबांना काही सांगू नका’: खोट्या दिलाशामागचा इतिहास

कॅन्सरचा रिपोर्ट आला की पेशंटला बाहेर बसवून घरचे आत जातात आणि डॉक्टरांना विनवतात, ‘बाबांना काही सांगू नका. साधी गाठ आहे म्हणा.’ बाबांना मात्र ‘टाटाला न्यायचंय’ हे कानावर पडलं तेव्हाच सगळं उमगलेलं असतं.

या लपवाछपवीला जुना आधार दाखवला जातो. आयुर्वेदाच्या चरकसंहितेत, ‘विमानस्थान’ या भागात, वैद्याला बजावलंय की रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं कळलं तरी, सांगितल्याने त्याला किंवा इतर कुणाला धक्का बसणार असेल तिथे ते सांगू नये. पण हा सल्ला गप्प राहण्याचा आहे. ‘खडखडीत बरे व्हाल’ असं खोटं बोलायची मुभा त्यात नाही. शिवाय असाध्य रोगावर उपचार करणाऱ्या वैद्याचं धन, विद्या आणि यश तिन्ही जातं, असं त्याच ग्रंथाचा ‘सूत्रस्थान’ हा भाग सांगतो. ते आपण सोयीने विसरलो.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेनेही रोग्याला आशा देणं हे डॉक्टरचं काम मानलं. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात झालेल्या पाहणीत दहापैकी नऊ डॉक्टर कॅन्सरचं निदान शक्यतो न सांगणारे निघाले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मात्र ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. मधल्या काळात उपचार सुधारले, रुग्णाच्या संमतीला महत्त्व आलं. हातात देण्यासारखं काही असलं की खरं बोलणं सोपं जातं.

आपल्याकडे गप्प बसण्याने मोकळी राहिलेली जागा जाहिरातबाजांनी बळकावली. कॅन्सर, मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी हमखास गुण देणारे काढे विकले जातातच. कर्ज काढून ते घेणाऱ्या कुटुंबाची लूट मला सर्वांत निर्दय वाटते.

देण्यासारखं काय असू शकतं, हे १९८६ मध्ये वांद्र्याला सुरू झालेल्या ‘शांती आवेदना सदन’ने दाखवलं. देशातलं हे पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, टाटा रुग्णालयातले सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी उभारलं. तिथे बरं करण्याचा वायदा नसतो. वेदना कमी करणं, जखमेचं ड्रेसिंग, शेवटपर्यंत सोबत, एवढंच असतं. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनसाठी परवान्यांचं जंजाळ झालं होतं. ते सैल व्हायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. आजही तालुक्याच्या गावी त्या गोळ्या मिळतीलच, याची खात्री नाही.