गाभण गायींचा हिवाळी खुराक (नेब्रास्का, सँडहिल्स)

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स कुरणांवर मांसासाठी पाळलेल्या गायी मार्च-एप्रिलमध्ये वितात. म्हणजे गाभणपणाचे शेवटचे तीन महिने ऐन हिवाळ्यात येतात आणि गाय तेव्हा वाळक्या गवतावर असते. या गवतात प्रथिने जेमतेम ५-६ टक्के. पोटातल्या वासराची बहुतेक वाढ याच काळात होते.

स्नायूतंतूंची संख्या जन्मापूर्वीच ठरते. पुढे तंतू फक्त जाड होतात. मांसात चरबीची जाळी धरणाऱ्या पेशीही गर्भातच तयार होऊ लागतात. त्यामुळे गायीची उपासमार वासराच्या जन्मवजनात दिसेलच असे नाही, ती पुढे खाटकाच्या काट्यावर दिसते.

नेब्रास्का विद्यापीठाच्या गुडमुंडसेन प्रयोगक्षेत्रावर डिसेंबर ते फेब्रुवारी गायींना सुमारे ४२ टक्के प्रथिनांची कांडी (दाबून केलेला खुराक) दिली गेली. मात्रा गायीमागे रोज सरासरी ०.४५ किलो, आठवड्यातून तीनदा, दर खेपेस साधारण १ किलो. रवंथ करणारे जनावर प्रथिनांतल्या नत्राचा पुनर्वापर करते, म्हणून रोज टाकण्याची गरज नाही. जन्मवजन फारसे बदलले नाही, पण दूध तोडताना वासरे जड भरली. एका चाचणीत खुराक मिळालेल्या गायींच्या कालवडींपैकी ९३ टक्के गाभण राहिल्या, बाकीच्यांच्या ८० टक्के.

हिशेब मात्र विक्रीच्या वेळेवर अवलंबून आहे. तीन महिन्यांत गायीमागे सुमारे ४० किलो कांडी लागते. दूध तोडताच वासरू विकले, तर काही किलो जादा वजनातून हा खर्च निघेलच याची खात्री नाही, कारण जड वासराला किलोमागे दर कमी मिळतो. कत्तलीपर्यंत मालकी ठेवणाऱ्याला किंवा कालवडी कळपात ठेवणाऱ्याला फायदा अधिक.

चुका ठरलेल्या असतात. कांडी ढिगाने टाकली की दांडग्या गायी खातात, पहिलारू उपाशी राहतात. ती लांब ओळीत पसरावी. प्रथिनांऐवजी नुसता मका भरपूर दिला तर पोटातले पचन करणारे सूक्ष्मजंतू पिष्टाकडे वळतात आणि गवताचे पचन घटते. वासरू लहान राहून वीण सोपी व्हावी म्हणून खाणे तोडणे तर सर्वांत महाग: वीण हमखास सोपी होत नाही, चीक हलका पडतो, वासरू उठायला वेळ लावते.

अंगावर मांस-चरबी किती आहे याला गुण देतात: विताना प्रौढ गाय ९ पैकी ५ गुणांची हवी, पहिलारू ६ ची. ५ गुणांच्या गायीच्या फासळ्या दुरून मोजता येत नाहीत, दाबल्यावर हाताला लागतात. ही पाहणी आधीच्या वासराचे दूध तोडतानाच करावी. थंडी कडक झाल्यावर अंग भरून काढणे खर्चिक पडते.