अतिदक्षता विभागातील रुग्ण आणि ड जीवनसत्त्वाचा मोठा डोस

अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळले, तर एकच मोठा डोस दिल्याने त्याचा जीव वाचण्याची शक्यता वाढते, हा समज अनेक वर्षे पसरलेला आहे. त्याचा आधार निरीक्षणांचा होता: ज्यांची पातळी कमी, त्यांच्यात मृत्यू अधिक दिसत. परंतु गंभीर आजारात दाह वाढतो, हे जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणारी प्रथिने घटतात आणि शिरेतून दिलेल्या द्रवांमुळे रक्त पातळ होते. त्यामुळे कमी पातळी हे पुष्कळदा आजाराच्या तीव्रतेचे कारण नसून तिचा परिणाम असते.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथील ४९२ रुग्णांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५,४०,००० युनिटच्या डोसाने रुग्णालयातील मुक्काम कमी झाला नाही. मात्र तीव्र कमतरतेच्या उपगटात मृत्यू कमी दिसले आणि या समजाला बळ मिळाले. उपगटातील असा निष्कर्ष हा केवळ पुढील तपासणीचा विषय असतो, हे तेव्हा पुरेसे लक्षात घेतले गेले नाही.

ती तपासणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व्हायोलेट चाचणीने केली. कमतरता निश्चित झालेल्या १,०७८ रुग्णांत तेवढ्याच डोसाने पातळी झपाट्याने वाढली, तरीही ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण डोस घेतलेल्यांत २३.५ टक्के आणि इतरांत २०.६ टक्के राहिले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. तीव्र कमतरता असलेल्यांनाही लाभ झाला नाही. हाडांच्या आरोग्यासाठी दीर्घकालीन कमतरतेवर केले जाणारे उपचार हा वेगळा प्रश्न असून, तेथे या जीवनसत्त्वाचे महत्त्व कायम आहे.