बी.एड. कॉलेज चांगलं की नाही, हे ठरवायचं कशावरून?

आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांत ग्रॅज्युएशन झालं की "बी.एड. कुठून करू" हा प्रश्न अजून येतो, आणि मग फी किती, घरापासून लांब आहे का, रिझल्ट किती टक्के एवढंच बोललं जातं. तिथून निघालेले शिक्षक पुढे वर्गात कसं शिकवतात हे कोणी विचारत नाही, कारण ते कळायला मार्गच नाही.

सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ ला सगळ्या संस्थानात नेलं. शाळा वाढल्या की शिक्षक लागणारच, त्यामुळे तेव्हा आणि नंतरही खूप वर्षं किती शिक्षक तयार झाले हाच हिशोब राहिला. एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, १९७३ ला सल्लागार म्हणून आली, १९९५ ला तिला कायद्याचे अधिकार मिळाले, पण कॉलेजला मान्यता देताना बघायचं ते इमारत, लायब्ररी, स्टाफ. मग २०१० पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला ६० टक्के. ती परीक्षा उमेदवाराला काय येतं ते सांगते, कॉलेजनं त्याला काय शिकवलं ते नाही. शिक्षक प्रशिक्षणावरच्या २०१२ च्या न्या. वर्मा आयोगाचा हवाला देऊन २०२० च्या शिक्षण धोरणात सरळ लिहिलंय की दहा हजारांवर स्वतंत्र कॉलेजांतली बहुतेक डिग्र्या विकतायत. वाचून खरंच वाईट वाटतं.

निकालावरून कॉलेज तोलायचा हा प्रवास अमेरिकेत आधी झाला. १९९८ च्या कायद्यानं कॉलेजांना शिक्षकांच्या लायसन्स परीक्षेचा निकाल जाहीर करायला लावला, तर बऱ्याच कॉलेजांनी पास होणाऱ्यालाच कोर्स पूर्ण केलेला धरलं आणि निकाल आपोआप शंभर टक्के! दुसरीकडे टेनेसीत विल्यम सँडर्स, मूळचे शेतकी कॉलेजातले स्टॅटिस्टिशियन, त्यांनी वेगळी रीत आणली: मुलाच्या मागच्या मार्कांवरून यंदा किती अपेक्षित ते काढायचं, प्रत्यक्षात त्यापेक्षा किती जास्त-कमी आले ते शिक्षकाच्या नावावर टाकायचं. १९९२ च्या राज्य कायद्यात ती आली. पुढे लुइझियाना राज्यानं याच धर्तीचे आकडे शिक्षक ज्या कॉलेजातून शिकला त्या कॉलेजच्या नावावर जोडले.

कल्पना मला पटते, पण मोजमाप कच्चं आहे. छोट्या कॉलेजचे पाचदहाच शिक्षक नोकरीत, त्यातले परीक्षा असलेल्या विषयाचे त्याहून कमी, एखादा वर्ग अवघड निघाला की सगळं कॉलेज खाली येतं, आणि कोणाला कुठली शाळा मिळते हे तर कॉलेजच्या हातात नसतंच. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं २०१४ ला सांगितलं की बहुतेक अभ्यासांत मुलांच्या मार्कांतल्या फरकापैकी १ ते १४ टक्केच शिक्षकामुळे दिसतो. टेक्सासच्या अभ्यासात तर कॉलेजा-कॉलेजांतला खरा फरक फारच थोडा निघाला. २०१६ ला केंद्र सरकारनं तिकडे सगळ्या राज्यांसाठी कॉलेजं अशी तोलायचा नियम काढला, तो २०१७ ला काँग्रेसनं रद्द केला.

म्हणून माझं मत, नुसते मार्क नकोत. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत वर्गात बसून निरीक्षण, मुख्याध्यापकांचं म्हणणं, शिक्षक टिकला का, आणि त्यासोबत मार्क. आपल्याकडे इंटर्नशिप २० आठवड्यांची झाली, सराव पाठ तपासले जातात, ते संपले की कॉलेजचा आणि शिक्षकाचा संबंध बहुतेक तुटतो. बारावीनंतरचा चार वर्षांचा आयटीईपी (पदवी आणि बी.एड. एकत्र) कोर्स २०२३-२४ ला सुरू झालाय, त्याची पहिली बॅच २०२७ ला बाहेर पडेल, तेव्हा कोण कुठल्या शाळेत लागला याची यादी कॉलेजनं पहिल्या दिवसापासून ठेवायलाच हवी.